उतारच आहे की!

आमच्या सांगलीत चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला एकटं सोडायची पद्धत नाही. वाईट कामाला निघालात तर लोक बाजूला होतील, 'त्याचं तो बघेल' म्हणतील. पण चांगल्या कामाचा नुसता वास आला, की अख्खी गल्ली पायात चपला घालून तयार. मला याचा अनुभव सायकलवर आला, आणि खुर्चीत बसताना तो अजून जाणवतो.

मूळ मुद्दा तानपुऱ्याचा. गावभागात एक बाई लहान मुलांना फी न घेता गाणं शिकवतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा बाईंच्या तळमजल्यावरची तानपुऱ्याची जोडी पाण्यात गेली. घाईघाईत माणसं माडीवर चढली, शेगडी चढली, लोणच्याची बरणी चढली. तानपुरे खालीच राहिले. पाणी ओसरलं तेव्हा भोपळे सांध्यातून सुटले होते. तेव्हापासून क्लास मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर चालतो. तो सुरात असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण यमन जरा रंगात यावा, पोरं डोळे मिटून निषादावर उभी असावीत, आणि नेमका तानपुरा थांबून फोन वाजावा. एकदा एका पोरीनं तो उचलला. पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारत होतं. पोरगी म्हणाली, "आत्ता नको, आत्ता तीव्र मध्यम चाललाय."

मी गात नाही. संगीतावर मी केलेला हा सगळ्यात मोठा उपकार. मी ऐकतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या मैफलींना रात्र-रात्र बसतो, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या मोबाइलवर लावून कामावर जातो, आणि आमच्या पतसंस्थेत थकबाकीदाराला नोटीस काढतानाही आत कुठंतरी त्यांचा झिंझोटी राग चालू असतो. तानपुरा थांबला हे मला सहन होण्यातलं नव्हतं. आणि आपल्या शेजारी तानपुरे घडवणारी मिरज असताना सांगलीच्या पोरांनी मोबाइलवर गावं, ही तर सरळ सरळ अब्रूची गोष्ट.

सायकलची कल्पना पतसंस्थेतल्या एका पोराची. एकानं सायकल हाणायची, बाकीच्यांनी किलोमीटरमागे पैसे लावायचे. गोळा होईल ते कामाला द्यायचं. चहाच्या गाड्यावर मी सहज म्हणालो, "मग सांगली ते मिरज जातो मी."

"सांगली-मिरज?" गाड्यावरचे सगळे एकदम बोलले. "दहा किलोमीटर. तेवढं आमचा दूधवाला रोज येतोय. त्याला काय हार घालतोय का आम्ही?"

"बरं, नरसोबाची वाडी."

"वाडीला लोक चालत जात्यात."

असा माझ्या पायांचा लिलाव सुरू झाला. बोली वाढत गेली आणि कुणाचाही हातोडा पडेना. शेवटी आमच्या संस्थेचे एक जुने सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, बशीतला चहा संपवून म्हणाले, "सातारा. सातारा ते मिरज. एकशेतीसच्या आसपास भरतंय. आणि जड काय न्हाई, उतारच आहे की!"

"उतार?"

"मग कृष्णामाई कशी येती हिकडं? साताऱ्याकडनंच येती न्हवं? पाणी कधी चढाला चाललेलं बघितलंस? पाणी येतंय तर सायकल का येणार न्हाई?"

शास्त्र म्हणून यात चूक काढता येईना. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, सांगली साडेपाचशे. दीडशे मीटरचा उतार खराच. फक्त तो एकशेतीस किलोमीटरवर पसरलाय, म्हणजे किलोमीटरला एक-सव्वा मीटर. एवढ्या उतारावर गोटीसुद्धा विचार करून घरंगळते. शिवाय नदीला अक्कल आहे, ती टेकडी दिसली की वळसा घालते. रस्ता इंजिनिअरनं काढलाय, तो टेकडीवरूनच जातो. पण हे मला नंतर पायांनी कळलं. त्या वेळी टाळ्या पडल्या होत्या.

मग वर्गणी. इथं आमच्या लोकांचं मन किती मोठं आहे आणि हिशेब किती बारीक, ते एकाच वेळी दिसलं. कुणी किलोमीटरला दहा रुपये लावले, कुणी पन्नास. एका दुकानदारानं शंभर लावले, पण अट घातली की फक्त चढाचे किलोमीटर धरायचे, उताराचे पैसे देव देतो. पैसे काढायला जीवावर आलेल्यांनी वस्तू दिल्या. तासगावच्या एकानं बेदाण्याचं खोकं पाठवलं. मार्केट यार्डातल्या एकानं अर्धं पोतं हळद दिली. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण तानपुऱ्याला हळद लावून काय करणार? "मुरगाळलं-बिरगाळलं तर लागंल," म्हणाले. हा विचार त्यांनी केला होता आणि मी केला नव्हता. सल्ले मात्र सगळ्यांनी रोख दिले. सीट वर घे, सीट खाली घे, पाणी सारखं पी, पाणी अजिबात पिऊ नको. बायकोनं एकच सांगितलं, "आधी भाजी आणायला सायकलनं जाऊन दाखवा."

भाच्याची गिअरची सायकल घेतली. तिचं सीट हा एक वेगळाच विषय आहे. ते ज्यानं बनवलं त्याला माणसाच्या शरीराची माहिती असणार, पण आदर नसणार.

पोवई नाक्यावर पहाटे निघालो, तेव्हा मला वाटलं होतं मी, सायकल आणि मागं एखादी गाडी. तिथं पाहतो तर आमच्या व्याह्यांचे व्याही कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. नारळ फुटला. मागं एक छोटा हत्ती, त्याला बॅनर, वर कर्णा. शेजारी स्कूटरवर बापू, आमचे तबलजी. बापूचं म्हणणं, लयीशिवाय लांबचा पल्ला निघत नाही. शेंद्रे जाईपर्यंत त्यानं माझ्या पायडलचा अंदाज घेतला आणि जाहीर केलं, "विलंबित एकताल. बारा मात्रा. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, उजवा पाय खाली आला पाहिजे." पहिली दोन-तीन आवर्तनं आली. नंतर प्रत्येक चढावर मी अतिविलंबितात जाऊ लागलो. किराणा घराण्याचे गवई एकेक स्वर सावकाश उलगडतात. मी एकेक किलोमीटरचा दगड उलगडत होतो. तेवढ्यात मागून बापू ओरडायचा, "सम गेली! सम गेली!" ट्रकवाले दचकून आरशात बघायचे.

कर्ण्यावर काय लावायचं यावरून छोट्या हत्तीत वाद पेटला. मी झिंझोटीतली ठुमरी लावायला सांगितली होती. ड्रायव्हरचं मत पडलं, की याच्यावर म्हातारा झोपंल आणि सायकलवरनं पडंल. म्हातारा म्हणजे मी. त्यानं हलगी लावली. मग तोडगा निघाला: चढाला हलगी, उताराला ठुमरी. त्यामुळे खाँसाहेब फार कमी ऐकायला मिळाले.

नागठाण्यात सगळी वरात एकदम थांबली. अण्णा गाडीतून उतरले, टोपी काढली, रस्त्याकडेच्या मातीला हात लावून कपाळाला लावला. "बालगंधर्वांचं गाव," म्हणाले. डोळ्यांत पाणी. बाकीच्यांनीही हात लावला. टपरीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "पावणं, ते नागठाणं येगळं. ते तुमच्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. हे सातारा तालुक्यातलं." अण्णांनी टोपी घातली. "असूंदे," म्हणाले, "नाव तर तेच हाय." आणि चहा सांगितला.

उंब्रजला कर्णा, बॅनर आणि गळ्यात हार बघून लोकांनी विचारलं, "कुठला पक्ष?" बापू म्हणाला, "किराणा." एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "ह्यो नवीन निघालेला दिसतोय. चिन्ह काय?" ड्रायव्हर म्हणाला, "भोपळा." एकजण म्हणाला, मग निकाल आत्ताच कळाला. पण हसता हसता डबा फिरला, आणि त्या चौकानं सव्वाशेच्या वर रुपये टाकले. सुट्टे. तानपुरा म्हणजे काय हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसणार. पोरांसाठी आहे एवढं कळलं होतं, बास.

कराडला जेवण. खरं तर मी प्रीतिसंगमावर दोन मिनिटं पाय पाण्यात सोडून बसणार होतो, कृष्णा आणि कोयना कशा भेटतात ते बघत. पण आमच्या संस्थेच्या कराडच्या सभासदांनी अख्खा मसूर आणि तंदुरी रोट्या मांडल्या होत्या. सोबत ठेचा, दही, वर शिरा. "सायकल चालवणाऱ्याला ताकद लागती." मी दोन रोट्यांवर हात आखडला तर यजमानबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पहाटेपासून राबून केलं होतं. मग कुणाला तरी वाईट वाटू नये म्हणून मी जे खाल्लं, त्याचा हिशेब पेठ नाक्यापर्यंत चालला. समोरून वारा सुटला होता. बापू शेजारी येऊन समजूत घालायचा, "भिऊ नका, अख्खा मसूर हाय पोटात. मागनंबी वारा मिळंल."

पेठ नाक्याला डावीकडं वळलो आणि पायांनी काम बंद केलं. उसाचा हंगाम; दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं चालला होता, त्यावर डेक. मी त्याच्या आडोशाला घुसलो. वारा थांबला. पण त्या पोरानं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं होतं, आणि त्या गाण्यात दोनच स्वर होते. इस्लामपूरपर्यंत, ज्याला आता ईश्वरपूर म्हणायचं, मी ते ऐकलं. वारा की ते गाणं, असा प्रश्न होता. मी गाणं निवडलं. मोठमोठ्या मैफलींत नाकं मुरडून उठून आलेला माणूस मी! वर ट्रॉलीवर बसलेल्या पोरानं एक ऊस उपसून माझ्याकडं धरला. "काका, खावा." सायकल चालवत ऊस सोलता येत नाही, हे त्याला सांगायला दम शिल्लक नव्हता. मी तो हँडलला आडवा बांधला आणि चालत राहिलो.

आष्ट्याच्या पुढं अण्णांनी खिडकीतून डोकं काढलं. "आता खरा उतार लागंल बघ." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही. ते वयानं मोठे आहेत.

आयर्विन पुलावर बाई उभ्या होत्या, सगळी पोरं घेऊन. पोरांच्या हातात पाटी, पाटीवर माझं नाव चुकीचं. त्यांनी भूप सुरू केला. वाहतूक अडली, हॉर्न वाजायला लागले, आणि एक एसटी नेमकी त्यांच्या षड्जाच्या जवळपास वाजली. बाईंनी तिच्याकडं इतक्या कृतज्ञतेनं बघितलं, की ड्रायव्हरनं पुन्हा एकदा दाबला. मी कठड्याला टेकलो. खाली कृष्णा निवांत चालली होती. तिला साताऱ्याहून इथवर येताना कुणी जेवायला थांबवलं नसावं.

सांगली ते मिरज हा शेवटचा टप्पा मी एकट्यानं केलाच नाही. विश्रामबागेपासून इतक्या सायकली आणि स्कूटर मागं लागल्या, की मला थांबायचं असूनही थांबता येईना. एक दूधवाला कॅन लावलेली सायकल घेऊन माझ्या पुढं निघून गेला, मागं वळून म्हणाला, "दमला काय?" मिरवणुकीत भडंगाचे पुडे फिरत होते. ज्याच्या-त्याच्या मुठीत भडंग, तोंडात भडंग, आणि हरेकजण मला "शाब्बास" म्हणून पाठीवर तीच मूठ आपटत होता.

सतारमेकर गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इथले कारागीर मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तानपुरे-सतारी करायला घेतल्या, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मी वाटेत ज्याला-त्याला सांगत होतो. गल्लीत पोचलो तेव्हा बोलायला तोंड उघडेना. दुकानात मंगळवेढ्याकडचे भोपळे छताला टांगलेले, कोपऱ्यात रंधा, लाखेचा वास. म्हातारे चाचा तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी काढत बसले होते. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी उभाच राहतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं, मग सायकलच्या सीटकडं बघितलं आणि पाट मुकाट्यानं काढून घेतला.

मग माझ्या मागून सगळे आत शिरले. जागा दोन माणसांची, आणि पैसे घातलेला प्रत्येक जण आपला तानपुरा निवडायला आलेला. दुकानदार विचारत होता, चार तारा का, पैशात सहा बसत नाहीत का. चढाचे किलोमीटर मोजणारे हेच. अण्णांना नक्षी जास्त पाहिजे होती. ड्रायव्हर म्हणाला, याला स्पीकर जोडता येतो का. बाई हळूच म्हणाल्या, "मुलांना काळी चार-पाचच्या पट्टीतला लागेल," पण ते ऐकायला कुणी गप्प नव्हतं. नव्या पॉलिश केलेल्या जोडीकडं एकाच वेळी सहा-सात हात गेले.

चाचांनी कानस खाली ठेवली. तानपुरे उचलून आपल्या मागं घेतले.

"भडंगाचे हात," ते म्हणाले. "नळ बाहेर आहे. साबण घ्या. एकेकानं या."