त्र्याहत्तराव्या घरातला पाच

"चारच हजार ओळी आहेत. फोरट्रानमधून पायथॉनमध्ये नुसत्या उतरवायच्या," सर म्हणाले. 'नुसत्या' हा शब्द ऐकला की मी हल्ली आधी कॅलेंडर बघतो.

कोड फोरट्रान ७७ या जुन्या संगणकीय भाषेतला. व्हेरिएबलच्या नावाला सहाच अक्षरं, त्यामुळे लिहिणाऱ्याने आधी स्वर गाळले आणि मग दया-माया. 'गोटू ११०' म्हणून ११० वर जावं, तर तिथून ४० वर पिटाळणार. चार हजार ओळींत कमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी टीप, एकच: 'हे बदलू नये.' 'हे' म्हणजे कोणतं, ते सांगणारा केव्हाच निवृत्त झालेला.

रांगेतले आकडे फोरट्रान एकापासून मोजते, पायथॉन शून्यापासून. म्हणून मी दिसेल तिथे एक वजा करत सुटलो. एका ठिकाणी दोनदा केला. उणे एकावर गेल्यावर पायथॉनने बोंब मारायला हवी होती की नाही? तिने मुकाट्याने रांगेतला शेवटचा आकडा काढून हातावर ठेवला. इतकं समजूतदार असू नये माणसाने. आणि भाषेने तर नाहीच नाही. पूर्णांकांतलं एक भागिले दोन फोरट्रानमध्ये शून्य, इथे अर्धा. त्यात एक आठवडा गेला.

एवढं होऊनही चौथ्या आकड्यापासून उत्तरं फाटत होती. तीन दिवस मी माझाच कोड उसवला. शेवटी जुन्या कोडमधली सेल्सियसचं केल्विन करणारी ओळ पडद्याला बोट लावून, घर घर मोजत वाचली. फोरट्रानची एकेक ओळ म्हणजे जुन्या काळचं एकेक पंचकार्ड, भोकं पाडलेलं. कार्डाला घरं ८०, पण कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, वाचतो ७२ पर्यंतच. पुढची आठ घरं कार्डांच्या क्रमांकासाठी. ओळीच्या शेवटी होतं २७३.१५. त्यातला पाच बसला होता त्र्याहत्तराव्या घरात!

म्हणजे डोळ्यांना २७३.१५ आणि कंपायलरला २७३.१. इतकी वर्षं, बिनतक्रार.

मी उड्या मारतच सरांकडे गेलो. त्यांनी ओळ पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"या आकड्यांवर आपले पेपर गेलेत," ते म्हणाले.

"पण सर, ते चूक आहेत."

"असतील. तुझं उत्तर जुन्याशी जुळायला हवं."

जागेवर येऊन मी माझ्या कोडमधला पाच खोडला. चौथाच काय, आठवा आकडासुद्धा जुळला. मग त्या ओळीच्या डोक्यावर मी माझ्या चार हजार ओळींतली एकमेव कमेंट लिहिली: 'हे बदलू नये.'