साडेएकाहत्तर इंच

सुताराने पलंग झकास केला. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, वर सनमायका, खाली सामानाचे कप्पे, उशाला नक्षी आणि नक्षीच्या वर दिव्या-पंख्याची बटणं. जाताना म्हणाला, "साहेब, आता फक्त गादी टाका." त्या 'फक्त'मध्ये आमचे दोन महिने गेले.

लहानपणी गादी निवडावी लागत नसे. दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, अंगणात धनुकलीचा टणत्कार सुरू व्हायचा आणि आई कापसावर नजर ठेवून बसायची. नवी गादी महिनाभर फुगलेली, मग वर्षभर गोळे. माझ्या वाट्याला कायम खळगा आला. दादाकडे उंचवटा होता, तो थोरला ना!

दुकानात मात्र पहिलाच प्रश्न: "काथ्या, फोम, लॅटेक्स की स्प्रिंग?" मी म्हटलं, "झोपायची." विक्रेता हसला नाही. मेमरी फोम नासाचा आहे, असं त्याने गंभीरपणे सांगितलं. खरं आहे ते, १९६६ साली विमानातल्या आसनांसाठी त्यांनी तो करवून घेतला होता. पण आमच्या पलंगाला कुठे उडायचंय?

"झोपून बघा ना सर. कूस बदलून बघा." सकाळचे अकरा, काचेपलीकडे बसथांबा, आणि माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. पाठीवर पडलो. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला विक्रेता, दोघेही मान खाली घालून गप्प. "अहो, हात छातीवर नका ठेवू," ही हळूच म्हणाली, "बरं दिसत नाही."

हिला मऊ हवी, मला कडक. त्यावरही तोडगा होता: एक बाजू मऊ, एक कडक, उलटीसुलटी करता येणारी गादी. म्हणजे सहा महिने हिचं राज्य, सहा महिने माझं. आमच्या घरात सत्तांतर इतकं सोपं असतं तर गादीची गरजच काय होती?

मग शेजारच्या काकांनी नवीन घोर लावला. सलग फळीवर फोम ठेवला तर खालून हवा लागत नाही. आपल्या अंगाचा घाम तळाशी साठतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. जुन्या पलंगाला पट्ट्या असत, त्या उगाच नव्हे. सुताराला परत बोलावलं. स्वतःच्या प्लायला भोकं पाडायची म्हटल्यावर त्याचा चेहरा मुलीला सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला. पाडली बिचाऱ्याने. तेव्हापासून खालच्या कप्प्यातल्या डांबराच्या गोळ्या थेट स्वप्नात येतात.

एवढं झाल्यावर माप घेतलं. तयार गादी मिळते बहात्तर इंच रुंद. आमच्या पलंगाला चारी बाजूंनी सुबक कड, आणि कडेच्या आत जागा साडेएकाहत्तर! विक्रेता म्हणाला, दाबून बसेल. घरी आणून दाबली. बसली, फक्त मध्ये पुरीसारखी फुगली. डावी कड दाबली की उजवी वर. आई म्हणाली, "तळून घ्या आता."

ती परत गेली, आणि मापाची नवी मागवली. मापाची गादी परत घेत नाहीत, हे पावतीवर बारीक अक्षरात होतं. जाडी हिने ठरवली: आठ इंच. सुताराच्या डोक्यात, आईच्या कापसाच्या गादीकडे बघून, चार होती. हे त्याने कोणाला विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

आता नक्षी गादीमागे गेली आहे. आईला पलंगावर चढायला पाट लागतो. आणि बटणं बरोबर माझ्या खांद्याच्या रेषेत आली आहेत. रात्री डावीकडे वळलो की पंखा बंद होतो, पुन्हा वळलो की दिवा लागतो.

त्यामुळे मी हल्ली पाठीवर सरळ झोपतो. हात छातीवर. ही काही बोलत नाही.