सिपोरेक्सची भिंत आणि जाड बोल्टचा सल्ला

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय. सिपोरेक्सच्या, म्हणजे एएसी या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती लावणं ही बिल्डरची फसवणूक आहे, त्यांवर जड काही टिकत नाही. टांगायचंच असेल तर सर्वांत जाड अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) घ्या, फिरेनासा होईपर्यंत आवळा. भोक सैल झालं तर लाकडी खुंटी किंवा पांढरं सिमेंट भरा, आणि शेवटी लटकून खात्री करा. हे ऐकून कुणी गिझर लावला तर तो खाली येऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

आधी फसवणुकीचं. हा ब्लॉक १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झाला. ओल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि बारीक पोकळ्या राहतात. म्हणून घनमीटरला वजन साधारण ५५० ते ६५० किलो भरतं, विटेच्या जेमतेम तिसरा हिस्सा. आपल्या टॉवरमध्ये भार कॉलम-बीम पेलतात, भिंत फक्त मधली जागा भरते. जर्मनीत तर याच ब्लॉकच्या भार पेलणाऱ्या भिंतींची घरं आहेत.

आता मुख्य चूक, जाड फास्टनरची. हा बोल्ट आवळला की टोकाशी फुगतो आणि भोकाच्या कडांना जोरात रेटतो. काँक्रीट तो रेटा सहन करतं. ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद मात्र चौरस मिलिमीटरला ३-४ न्यूटनच. पोकळ्यांच्या पातळ भिंती चुरतात, रेटा संपतो आणि बोल्ट नुसता फिरत राहतो. जितकं आवळाल तितका चुरा जास्त. इथे भार एका जागी न दाबता लांबीभर पसरवायला हवा. त्यासाठी एएसीसाठीच बनवलेला लांब, मोठ्या आट्यांचा नायलॉन प्लग घ्या, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकटणारं रसायन भरून त्यात बसवायचा बोल्ट. ड्रिलचा हातोडीचा मोड बंद ठेवा, बिट पाकिटावर लिहिलेल्या मापाचाच घ्या, भोकातली पूड फुंकून काढा. प्लग ब्लॉकमध्ये रुतायला हवा. प्लास्टर आणि टाइलची जाडी त्याच्या लांबीत धरू नका. ब्लॉकची कड आणि सांधा टाळा.

वजनापेक्षा ते भिंतीपासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि संदेशात त्याचा उल्लेखच नाही. २० किलोचा टीव्ही भिंतीपासून ५ सेंटीमीटरवर असेल आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत २० सेंटीमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंवर ओढ साधारण ५ किलोची. तोच टीव्ही ब्रॅकेटच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावर भिंतीपासून ५० सेंटीमीटरपर्यंत पुढे ओढला की ओढ ५० किलोची होते. १५ लिटरचा गिझर पाण्यासह वीस-पंचवीस किलोचा असला, तरी भिंतीला चिकटून असतो. योग्य प्लगवर तो व्यवस्थित राहतो.

मला खरी काळजी आहे ती बाथरूममधल्या आधाराच्या दांडीची. घसरलेली आजी तिला अंगाचं सगळं वजन घालून, झटक्यानं ओढते. तिथे प्लगवर विसंबू नये. भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावा, नाहीतर दांडी काँक्रीटच्या कॉलमवर न्या. झोपाळा तर भिंतीला नकोच, तो स्लॅबला किंवा बीमला.

खुंटीनं काम होत नाही. लाकूड ओलाव्यानं फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि ठोकताना ब्लॉकला तडा जातो तो वेगळाच. पांढरं सिमेंट पुडीवर चिकटतच नाही. लटकून पाहण्यानं तर चांगला बसलेला प्लगही ढिला होऊ शकतो. भोक बिघडलं असेल तर ते ब्लॉक जोडायच्या मसाल्यानं बुजवा आणि नवं भोक हातभर नाही, पण निदान दहा सेंटीमीटर बाजूला घ्या. ब्रॅकेटची भोकं ठरलेली असतील, तर भिंतीवर आधी जाड प्लायची पट्टी बऱ्याच ठिकाणी प्लगनं बसवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा.