धरणाची कोरडी बाजू

खासगी तलावावर सुट्टीला गेलं की सगळे पाण्याकडे तोंड करून बसतात. मी आधी भिंतीच्या मागे, कोरड्या बाजूला उतरून येतो. पायथ्याशी एखादा पट्टा भर उन्हातही ओला, दलदलीचा दिसला की माझं गळ टाकण्यात लक्ष लागत नाही. थोडाफार पाझर मातीच्या प्रत्येक धरणाला असतो. पाणी नितळ असेल तर त्यावर नजर ठेवायची. ते वाढलं किंवा गढूळ झालं, तर आतली माती निघून चालली आहे असं समजून त्याच दिवशी अभियंत्याला बोलवायचं.

सावलीसाठी भरावावर झाडं वाढू देणाऱ्या मालकांशी मी भांडतो. झाड उन्मळलं तर भरावाला खड्डा पडतो. वाळलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. तिथे आखूड गवतच हवं, म्हणजे बिळं आणि भेगा दिसतात. (वाढलेलं मोठं झाड मात्र स्वतःच्या मनाने उपटू नका.)

सगळ्यात जास्त राग येतो तो सांडव्यावर, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, मासे अडवायला लावलेल्या जाळीचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण श्रीमंतांच्या एका क्लबचं होतं, मासेमारी आणि नौकाविहारासाठी राखलेलं. घोडागाड्या जाव्यात म्हणून त्याचा माथा खाली उतरवला होता. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या. तळाचे पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहिलं आणि भराव फुटला. खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०० हून अधिक माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांनी त्या तलावात कधी होडी घातली नसेल.

म्हणून, धक्का आणि बाकडी रंगवायला पैसे काढणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी कळकळीची विनंती आहे. आधी सांडवा मोकळा करा. खाली राहणाऱ्यांचे फोन नंबर लिहून ठेवा. आणि पाणी सोडायची झडप वर्षातून एकदा तरी, खाली कळवून, पूर्ण उघडून बंद करून बघा. ती गंजून बसली आहे हे पाणी चढत असलेल्या रात्री कळू नये.