सडपातळ माणसाचे फॅटी लिव्हर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणे, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपला आक्षेप असा की, मुंबईत हल्ली कोणाचीही पोटाची सोनोग्राफी केली तरी अहवालात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून येते. आपण स्वतः सडपातळ, शाकाहारी आणि निर्व्यसनी आहात, एसजीपीटी (यकृताची एक रक्ततपासणी) नॉर्मल आहे, काळजी म्हणून रोज गुळवेलीचा काढाही घेता. तेव्हा माझा लेख लोकांना घाबरवून तपासण्यांच्या पॅकेजांना गिऱ्हाईक मिळवून देणारा आहे, असे आपले म्हणणे. पॅकेजांविषयीची आपली चीड मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्या चिडीपोटी आपण स्वतःला जे अभय देऊन टाकले आहे, ते मला मान्य नाही.

सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती उजळ दिसते याचा अंदाज. त्यावरून चरबी कळते, पण यकृतात व्रणासारखे कठीण तंतू, म्हणजे फायब्रोसिस, सुरू झाले आहे का, हे कळत नाही. आणि पुढे सिरोसिसकडे, म्हणजे यकृत कायमचे खराब होण्याकडे, नेणारी गोष्ट फायब्रोसिस हीच असते. त्यामुळे ग्रेड १ पाहून हादरून जाणे जितके चूक, तितकेच 'सगळ्यांनाच असते' म्हणून अहवाल कपाटात टाकणेही चूक.

एसजीपीटीचेही तसेच आहे. तो नॉर्मल असला तरी फायब्रोसिस नाहीच, असे म्हणता येत नाही. त्याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर फिब-४ नावाचे साधे गणित करतात: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखीच दुसरी रक्ततपासणी), आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने भागायचे. समजा, वय ४६, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार आहेत. यातला एकही आकडा सहसा अहवालात ठळक छापला जाणार नाही, तरीही उत्तर सुमारे १.५ येते. १.३ च्या वर उत्तर आले की फायब्रोस्कॅनसारखी (यकृताचा कठीणपणा मोजणारी) पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात). याचा अर्थ आजार आहेच असा नव्हे. पण निर्धास्त राहावे असाही नव्हे. या गणितासाठी महागडे पॅकेज मुळीच लागत नाही.

आता सडपातळपणाविषयी. आपल्याकडच्या लोकांत हातपाय बारीक आणि चरबी मात्र पोटात, आतड्यांभोवती, अशी ठेवण फार आढळते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच वजन जास्त धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच ठीक मानतात. पँटचा नंबर त्यासाठी उपयोगाचा नाही, कारण ती पोटाच्या खाली बसते, टेपच लावावी. बोरिवली-चर्चगेट लोकलचा प्रवास, दिवसभर खुर्ची, चार-पाच गोड चहा, उपासाची साबुदाणा खिचडी आणि रात्री साडेदहाला पोळी-भाताचे जेवण, हा क्रम शाकाहारी आणि घरगुती असला तरी इन्सुलिनला दाद न देणारे शरीर घडवू शकतो, आणि मग यकृत जास्तीच्या साखरेपासून स्वतःच चरबी तयार करू लागते. काहींच्या बाबतीत आनुवंशिकतेचाही वाटा असतो. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत यकृताच्या आजारापेक्षा हृदयविकाराने मृत्यू जास्त होतात. म्हणून साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासायला मी लेखात सांगितले होते, आणि तो आग्रह मी सोडणार नाही. सडपातळ व्यक्तीलाही वजन ३ ते ५ टक्के उतरवल्याने फायदा होतो.

राहिला काढा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांना हरकत घेतली, हेही खरे. तो वाद तज्ज्ञ सोडवतील. तूर्त आपण काढा थांबवावा, आणि रक्ताचे अहवाल डॉक्टरांना दाखवताना तो किती दिवस घेत होता, हे आवर्जून सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.