माशांची डोअरबेल, आणि सापडलेली गोष्ट पाठवायची कशी

नेदरलँड्समध्ये युट्रेक्ट नावाचं शहर आहे, तिथल्या कालव्यावर वेर्डस्लाऊस म्हणून एक जुना लॉक आहे, म्हणजे बोटींना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारं दार. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात आणि नेमकं तेव्हा बोटी कमी असल्यामुळे हे दार फारसं उघडत नाही. मासे दारापाशी येऊन ताटकळतात आणि पाणकावळे वगैरे पक्षी त्यांना आयते टिपतात. मग २०२१ मध्ये मार्क व्हान ह्यूकेलम या इकॉलॉजिस्टच्या कल्पनेतून तिथे पाण्याखाली एक कॅमेरा लावला गेला आणि त्याचं चित्र इंटरनेटवर लाइव्ह टाकलं. तुम्ही कुठूनही ते बघायचं, मासा दिसला की पानावरचं बेलचं बटण दाबायचं, त्या क्षणाचा फोटो तिकडे जातो, पुरेसे मासे जमलेत असं दिसलं की लॉकचा माणूस दार उघडतो. नाव काय तर फिश डोअरबेल!! दर वसंतात जगभरातून लाखो लोक हे बघायला येतात. बहुतेक वेळ काय दिसतं? हिरवट गढूळ पाणी. एखादा बुडबुडा. आणि मग अचानक एक जाडजूड ब्रीम मासा कॅमेऱ्याला जवळजवळ नाक लावून जातो आणि आपण घरी एकटेच ओरडतो.

मला हे इतकं आवडलं की मी ते पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकलं नाही, मुद्दाम. रोह्याकडे राहणाऱ्या माझ्या मामांना पाठवलं, खाली एवढंच लिहिलं की मामा, हे मासे कुठे चाललेत सांगा. दहा मिनिटांत फोन. "अगं, ही तर वलगण!" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिल्या दणदणीत पावसात नदीनाल्यांतले मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात, ओढ्यात, थेट भातखाचरांत, अंडी घालायला. तीच वलगण, आणि कोकणात पुष्कळ ठिकाणी नुसतं चढणीचे मासे म्हणतात. रात्री बॅटऱ्या घेऊन लोक पकडायला जातात, गाभोळीने भरलेले मासे असतात, चवीचं कौतुक तर विचारूच नका. मामांनी स्वतः आयुष्यभर पकडलेत. त्यादिवशी बराच वेळ बोलत होते, पूर्वी कुठल्या ओढ्याला किती चढायचे, मध्ये बंधारा झाल्यावर कुठे अडायला लागले, आणि मग म्हणाले की आपण समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतो ती त्यांच्या प्रजननासाठीच ना, मग ओढ्यातल्या माशाने काय घोडं मारलंय. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आता माझं म्हणणं. इंटरनेटवर सापडलेली अशी गंमत आपण पाठवतो तेव्हा ती कुणासाठी आहे हे ठरवून पाठवावी, सोबत मूळ पत्ता द्यावा, आणि एक वाक्य आपलं लिहावं. बास. तीन गोष्टी आहेत, पण आपण तिन्ही करत नाही.

कारण याच डोअरबेलचा एक रील मला नंतर वेगवेगळ्या चार ग्रुपांवरून आला. वर मोठ्या अक्षरात "या देशात माशांसाठी डोअरबेल!", मागे कसलंतरी ढणढण म्युझिक, शहराचं नाव नाही, लॉकचं नाही, कल्पना ज्याची त्याचं तर नाहीच नाही. लिंक नसल्यामुळे बघणाऱ्याला बटण दाबताच येत नाही! म्हणजे ज्या गोष्टीचा सगळा जीव त्या बटणात आहे तोच काढून घेतला, आणि उरलं काय, तर खाली "आपल्याकडे असं कधी होणार" वाल्या शंभर कमेंट. मला खरंच वाईट वाटतं हे बघून. कुणीतरी प्रेमाने बनवलेलं असतं हो.

आणि लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकायची ही जी पद्धत पडलीये ना, रीच कमी होतो म्हणून, तीही मला पटत नाही. पोस्ट शेअर होते, कमेंट मागेच राहते. रीच कमी झाला तर होऊ दे, पत्ता पोस्टमध्येच हवा.

नाव जपून वाटणं जमतं, याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे झेनो-कँटो. पक्ष्यांच्या आवाजांचा साठा, २००५ पासून चालू आहे, हाही नेदरलँड्समधूनच सुरू झालेला. जगभरचे हौशी आणि अभ्यासू लोक आपण केलेलं रेकॉर्डिंग तिथे टाकतात आणि प्रत्येक आवाजासोबत कुणी रेकॉर्ड केला, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं नोंदलेलं असतं. पावशाचा आवाज ऐका तिथे. आपण लहानपणापासून "पेरते व्हा" ऐकत आलोय, पण कोणीतरी पहाटे अमुक डोंगरावर माईक धरून उभं होतं हे शेजारी लिहिलेलं वाचलं की तो आवाज वेगळाच ऐकू येतो. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी आवाजांच्या बाबतीत फार हुशार आहे, तिला मी फक्त पावशाची लिंक पाठवली, आता तीच मला पाठवते.

मेलबर्नचंही सांगायलाच हवं. तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये शहरातल्या झाडांना नंबर आणि ईमेल पत्ते दिले, हेतू साधा, फांदी मोडली, झाड वाळतंय तर लोकांनी कळवावं. लोकांनी काय केलं, तर झाडांना पत्रं लिहिली. तू फार सुंदर आहेस, रोज कॉलेजला जाताना तुला बघते, असली. आणि काही पत्रांना झाडाच्या वतीने उत्तरंही गेली! तक्रारीसाठी उघडलेल्या खिडकीतून लोक असं काही आत टाकतात यापेक्षा आनंदाची बातमी मला तरी सुचत नाही.

पण या गोष्टी टिकत नाहीत, आणि म्हणून मी इतक्या कळकळीने लिहितेय. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये अभ्यास मांडला होता, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नाहीत. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज, म्हणजे कुणालाही स्वतःचं पान बनवू देणारी साइट, बंद केली तेव्हा लोकांनी हाताने बनवलेली लाखो पानं एका झटक्यात गेली असती, जी वाचली ती इंटरनेट आर्काइव्ह या जुनी वेबपानं जपणाऱ्या संस्थेने आणि धडपड्या स्वयंसेवकांनी उतरवून ठेवली म्हणून. मराठीत तर २००६-०८ च्या सुमाराला किती सुंदर ब्लॉग लिहिले जात होते! गावाकडच्या आठवणी, ट्रेकची वर्णनं, आजीच्या रेसिपी. त्यातले किती आज उघडतात बघा जरा.

यावर आपल्या हातात एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जायचं, "सेव्ह पेज नाऊ" असा रकाना दिसतो, त्यात आवडलेल्या पानाचा पत्ता पेस्ट करायचा आणि बटण दाबायचं. त्या दिवसाची प्रत तिथे राहते. सगळीच पानं सेव्ह होतात असं नाही, पण साधे ब्लॉग बहुतेक होतात. मी गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांचा रानभाज्यांचा ब्लॉग असा पान पान करून सेव्ह केला. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, प्रत्येक भाजीला वेगळं पान, पानाफुलांचे त्यांनीच काढलेले फोटो, आणि शेवळाला काकड (एक आंबट रानफळ) घालायचा नाहीतर घशाला खाज सुटते हे ठळक अक्षरात. कितीतरी वर्षांत त्यावर नवीन काही आलेलं नाही. कुणाच्या घरी रानभाज्या निवडणारं, ओळखणारं माणूस असेल तर मला सांगा, मूळ ब्लॉगची लिंक आणि सेव्ह केलेली प्रत दोन्ही पाठवते, सरांच्या नावासकट.