मागच्या वेळी काय चुकलं होतं?

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. ब्रेमेनमध्ये दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि माझ्या टेबलाभोवती सहा-सात सहकारी फोनच्या पडद्यात डोकं घालून उभे होते. चांद्रयान-३ उतरलं. मी टाळ्या पिटल्या, जर्मन मंडळींनी मनापासून हात मिळवले. खर्च कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकला, ६१५ कोटी रुपये, आणि लगेच युरोत करूनही दाखवला. भुवया उंचावल्या, मला बरं वाटलं. मग पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मागच्या वेळी नेमकं काय चुकलं होतं?"

मागच्या वेळी म्हणजे २०१९ला, चांद्रयान-२चं लँडर उतरताना कोसळलं तेव्हा. मला सांगता आलं नाही. मी इंजिनिअर आहे (पंपांचा, यानांचा नव्हे, पण तरीही). "शेवटी संपर्क तुटला" असं काहीतरी पुटपुटलो. संपर्क तुटणं हा परिणाम असतो, कारण नसतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अवकाशाचा विषय निघाला की मी जरा अस्वस्थ होतो. वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, रस्त्यात खड्डे असताना चंद्र कशाला? दुसरी म्हणते, सिनेमाच्या बजेटमध्ये चंद्र गाठला, अजून काय हवं? पहिल्या बाजूला उत्तर देणं तसं सोपं आहे. १९९९च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. वादळावर उपग्रहांची सतत नजर होती, आणि लाखो लोकांना वेळेत हलवणारं प्रशासनही होतं. मला खरी चिंता दुसऱ्या बाजूची वाटते, कारण ती माझी बाजू आहे. आम्हाला किंमत पाठ आहे, काम माहीत नाही.

केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट तळाचंच बघा. सायकलवर ठेवलेल्या रॉकेटच्या टोकाचा फोटो दरवर्षी फिरतो. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, ते अमेरिकन बनावटीचं होतं. त्याने संध्याकाळच्या आकाशात सोडियमची वाफ सोडली. तो नारिंगी ढग कसा पसरतो, कुठे वाहतो यावरून वरच्या थरांतले वारे मोजायचे होते. म्हणजे आपल्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला प्रयोग लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसणारा होता! फोटोखाली ही एक ओळ कुणी का लिहीत नाही?

इथे युरोपात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. युरोपचं नवं रॉकेट एरियान ६, त्याचं पहिलं उड्डाण चार वर्षं रखडून ९ जुलै २०२४ला झालं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी फोन उघडलेला मला दिसला नाही. चांद्रयान-३ उतरताना एकट्या यूट्यूबवर एका वेळी ऐंशी लाखांवर लोक होते. तसली ओढ इथे पैसे देऊनही मिळणार नाही.

पण ब्रेमेनच्या विद्यापीठाजवळ १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. आतल्या नळीतली हवा दीड-दोन तास उपसून काढतात आणि वरून प्रयोगाची कुपी सोडतात. ४.७४ सेकंद वजनरहित अवस्था मिळते, मग कुपी थर्माकोलच्या बारीक मण्यांच्या आठ मीटर खोल ढिगात रुतते. विद्यार्थ्यांचे प्रयोगही इथे टाकले जातात. महिनोन्महिन्यांची मेहनत पाच सेकंदांत संपते, आणि एखादी वायर सैल राहिली असेल तर हाती काहीच लागत नाही. एकोणिसाव्या वर्षी हे अनुभवलेली मुलगी पुढे रॉकेट कोसळल्याची बातमी वेगळ्या नजरेने वाचणार.

आपल्याकडे अशी मुलं नाहीत असं नाही. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटातून गेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर, आणि दिशा सांभाळायला मोटर नाही, चुंबक. त्याच सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला, त्याचं काम २००७ साली सुरू झालं होतं. सुरू करणारे केव्हाच पास होऊन गेले होते, शेवटचा स्क्रू आवळला तो ज्युनिअरच्या ज्युनिअरांनी. मला विचाराल तर दहा भाषणांपेक्षा त्या मुलांनी एकमेकांकडे सोपवलेल्या वह्या शाळांतून फिरवाव्यात.

आणि चुकाही फिरवाव्यात. ४ जून १९९६ला एरियान ५ पहिल्याच उड्डाणात फुटलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली गेली आणि ती मावली नाही. आज्ञावली जुन्या एरियान ४ची, नव्या रॉकेटचा वेग तिच्या हिशेबात नव्हता. जोडीला दुसरी यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली. चौकशीचा अहवाल त्याच जुलैत जाहीर झाला आणि आज जगभर सॉफ्टवेअर शिकवताना तो वापरतात.

आपल्याकडेही चुका अशा उघड मांडल्या गेल्या होत्या, माझंच लक्ष नव्हतं. चांद्रयान-३ निघण्याआधी इस्रोचे तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ यांनी २०१९चा हिशेब उघडपणे मांडला होता. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला झटक्यात वळायचं होतं पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरायला जागा फक्त ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद. म्हणून पुढच्या वेळी जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढलं. २०१९च्या त्या पहाटेची आमच्या लक्षात राहिली ती पंतप्रधानांची मिठी आणि तेव्हाच्या इस्रोप्रमुखांचं रडणं.

भाचा नववीत आहे. राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या प्रश्नमंजूषेत त्याला बक्षीस मिळालं: तारीख, खर्च, उतरलेल्या जागेचं नाव, सगळं बरोबर. व्हिडिओ कॉलवर मी त्याला म्हटलं, "वजन वाढवलं आणि इंजिन काढलं. चारांवर कसं भागलं?"

"मामा, हे पुस्तकात नाहीये."

"नसू दे. लँडर १७५२ किलोचा, एकेका इंजिनाचा जोर ८०० न्यूटन. कर."

त्याने १७५२ला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ने गुणलं आणि दचकला. "अरे, हे तर पडेल!" मग स्वतःच थांबला, चंद्राचं १.६२ घेतलं. २८३८ आलं. चार इंजिनांचे ३२००. थोडा वेळ फक्त पेन्सिलचा आवाज येत होता.

"पण मामा, उतरेपर्यंत इंधन जळून जाणार ना? मग शेवटी किती इंजिनं चालू ठेवायची?"